वह्यांची टोपली

अण्णांची सायकल दाराशी येऊन थांबली तेव्हा मी ताईच्या बीजगणितात घोट्यापर्यंत बुडालेली होते.

खरंच बुडालेली. फुटक्या रांजणाचं बूड, त्यात तीन दिवस भिजलेले कागद, वर मेथीचं पीठ, आणि ते सगळं तुडवायला मी. परकर गुडघ्याच्या वर खोचलेला, पाय गारठलेले. शेजारी माझ्या पाठची कुमुद कमरेवर हात ठेवून उभी होती. "रोहू, नुसती नाचू नको. टाचेनं दाब, टाचेनं!" आठ वर्षांची पोर, पण रुबाब मामलेदाराचा.

अण्णांनी सायकल भिंतीला लावली आणि आत हाक दिली, "हेमा! अगं हेमा! नाझरे हेडमास्तर तयार झाले बघ!"

ताई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन तशीच धावत आली. "सही देणार?"

"देतो म्हणाले. सतरा नंबरचा फॉर्म आणलाय मी, बाहेरून मॅट्रिकला बसायचा. पण आधी तुझ्या वह्या बघणार म्हणाले. घरी शिकलेली पोरं परीक्षेला बसतात, नापास होतात आणि निकाल माझ्या शाळेचा बुडतो, असं त्यांचं म्हणणं. पोरीनं अभ्यास केलाय हे वह्यांवरून दिसलं तरच सही."

"एवढंच ना? तीन फेअर वह्या लिहिल्यात मी. फळीवर बांधून ठेवल्यात." ताई हसत आत गेली.

आतून डबे सरकवल्याचे आवाज आले. मग ताई बाहेर आली, ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि खाली बघायला लागली. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याशी एक तपकिरी पुठ्ठा तरंगत होता. त्यावर ताईच्या सुबक अक्षरात अजूनही वाचता येत होतं: बीजगणित. हेमलता शेडगे.

"अगं बाई, बाई, बाई!" आईनं मागून येऊन कपाळाला हात लावला. "रोहिणे, हे काय केलंस गं, भवाने?"

"मला काय माहीत? तूच म्हणालीस ना, दारामागचा ढीग भिजत घाल. ढिगातच होत्या."

"फळीवरच्या वह्या चालत ढिगात गेल्या?"

"जुळ्यांनी टाकल्या असतील," मी म्हणाले. जुळे चार वर्षांचे होते आणि घरातला कुठलाही गुन्हा त्यांच्या नावावर खपून जायचा.

ताई माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे," आणि भाकऱ्या थापायला आत गेली.

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, कुणी वह्या तुडवतं का.

साल एकोणऐंशी. अण्णा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक. आम्ही राहायचो कालव्याकाठच्या सरकारी क्वार्टरमध्ये, दोन खोल्या आणि पुढं ओसरी, आजूबाजूला कोस-कोसभर उसाशिवाय शेजार नाही. पोरं सात. सगळ्यांची नावं सांगत बसत नाही, या गोष्टीत चौघांशीच काम आहे: सोळा वर्षांची हेमाताई, तेरा वर्षांचा दिगू, अकरा वर्षांची मी आणि ही कुमुद. हायस्कूल नऊ किलोमीटरवर, आणि वाट कालव्याच्या बांधावरून. एक वर्ष ताई गेली. पावसाळ्यात दोनदा बांधावरून घसरली, तेव्हा आई म्हणाली, बास. मी जुनी मॅट्रिक आहे, माझी पोरं मी घरी शिकवीन.

पण सात पोरं, दोन शेळ्या, स्वयंपाक, धुणं, आणि त्यात शाळा! आईला दोनच हात. म्हणून तिनं एक रीत काढली. आई शिकवायची फक्त ताईला. ताईनं दिगूला शिकवायचं, दिगूनं मला, मी कुमुदला. वरच्यानं खालच्याला. आणि आईचा नियम एकच होता: "ज्याला शिकवता येत नाही, त्याला ते आलेलंच नाही." त्यामुळं पाठांतर करून सुटका नसे. मी दिगूपुढं मान डोलावली तरी दुपारी कुमुदपुढं बसायचं असे, आणि ती बया "का?" विचारल्याशिवाय एक अक्षर गिळायची नाही.

आणि वस्तूंचं म्हणाल, तर आमच्या घरात कुठलीच वस्तू एकदाच मरत नसे. दोडक्याची भाजी झाली की शिरांची चटणी. कलिंगड खाल्लं की सालींची भाजी. साडी विटली की परकर, परकर विटला की गोधडी, आणि काठ उरले की त्यांच्या चिंध्या वेणीला, कारण रिबिनी आमच्या घरी कधी आल्याच नाहीत. वहीवर आधी पेन्सिलीनं लिहायचं, मग खोडून खालच्यानं लिहायचं, मग त्यावर शाईनं, आणि कागदाला अगदीच जागा उरली नाही की भिजवून, मेथी घालून, तुडवून त्याची टोपली. उलट्या पातेल्यावर लगदा थापायचा, उन्हात वाळवायचा, अलगद सोडवायचा. आमच्या शेंगा, आमची डाळ, आमच्या पापड्या सगळ्या आमच्याच अभ्यासात ठेवलेल्या असत.

फक्त ताईच्या त्या तीन वह्या त्या रिवाजाला अपवाद होत्या. कोऱ्या वह्या, शाईनं लिहिलेल्या, एकदाच. मॅट्रिक झाली की सातारला मावशीकडं राहून शिक्षिकेचा कोर्स करायचा, असं ठरलं होतं. ताईला दुसरं काही नको होतं. झोपेतसुद्धा खडू धरल्यासारखी बोटं हलायची तिची.

तो दिवस बुधवार होता. अण्णा गुरुवारी पुन्हा नऊ किलोमीटर सायकल मारून गेले आणि हेडमास्तरांना खरं ते सांगून आले. अण्णांना खोटं बोलता यायचं नाही, ही आमच्या घरची मोठी अडचण होती.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"आधी हसले. मग म्हणाले, शेडगे, वह्यांची टोपली केली हे कारण माझ्या नोकरीत पहिल्यांदा ऐकतोय. रविवारी येतो आणि पोरीलाच बघतो."

"येऊ दे की," आई म्हणाली. "पोरगी काय टोपलीत भिजली नाही."

पण सगळ्यांना माहीत होतं, खरी भानगड तिथंच होती. ताई घरात बोलायची ती चिवचिव, आणि परका माणूस दिसला की दातखीळ. पोस्टमननं नाव विचारलं तर आईच्या मागं जायची. वह्या बोलल्या असत्या तिच्या वतीनं. त्या आता पातेल्यावर पालथ्या वाळत होत्या.

ते तीन दिवस ताई मला काहीच बोलली नाही. रोजच्यासारखी सकाळी मला पुढ्यात बसवायची, तेल लावायची, वेणी घालायची. शुक्रवारी तिनं वेणीची चिंधी हातात घेतली, जरा थांबली आणि अशी गाठ मारली की माझ्या भुवया वर गेल्या.

"आई गं! दुखतंय, ताई!"

"दुखू दे," ती म्हणाली.

रविवारी सकाळी घर सारवून झालं. आईनं पाटवड्यांचं पीठ घाटून लाकडी पाटावर थापलं आणि आम्हाला दम दिला, "पाहुण्यांचं होईपर्यंत एकानं जरी बोट लावलं, तरी तंगडं मोडीन." जुळ्यांना शेळ्या राखायला बसवलं, म्हणजे खरं तर शेळ्यांना जुळे राखायला ठेवलं.

नाझरे हेडमास्तर दहाला आले. उंच, काळी टोपी, काठी नव्हती पण असावी असं वाटणारा माणूस. ओसरीवर घोंगडीवर बसले. पाणी प्यायले. मग त्यांची नजर भिंतीशी ठेवलेल्या नव्या टोपलीवर गेली.

"ह्याच का त्या वह्या?"

"ह्याच," आई म्हणाली. "पाच शेर शेंगा बसतील."

सरांनी टोपली उचलली, फिरवून बघितली, वाजवून बघितली. "तुडवणं जरा कमी पडलंय. कागदाचे तुकडे दिसताहेत."

"मी सांगत होते तिला!" कुमुद म्हणाली. आईनं डोळे वटारले.

सरांनी टोपली मांडीशी ठेवली. "ये मुली, बस. नाव सांग."

ताई बसली. ओठ हलले. नाव आम्हाला पाठ होतं म्हणून कळलं, सरांना कळलं की नाही देव जाणे.

"अ अधिक ब, कंसाचा वर्ग?"

"अ वर्ग, अधिक दोन अ ब, अधिक ब वर्ग," ताई जमिनीला म्हणाली.

"हे पोपटालाही येतं. अ वर्ग अधिक ब वर्ग एवढंच का नाही? मधले दोन अ ब आले कुठून?"

ताईची मान आणखी खाली गेली. तिला माहीत होतं. मला माहीत होतं की तिला माहीत आहे. पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, बोटांना पदर गुंडाळला गेला आणि शब्द काही फुटेना. सरांनी खिशातून घड्याळ काढून पाहिलं. अण्णा रडवेले झाले.

"शेडगे, राग मानू नका," सर उठायच्या बेतानं म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! ताईच्या डोळ्यातलं पाणी टपकन हातावर पडलं.

तेवढ्यात आई दारात आली. हातात उलथनं. "सर, तिला उत्तर मागू नका. शिकवायला सांगा."

"म्हणजे?"

"आमच्या घरात तसंच आहे. ती दिगूला शिकवेल, दिगू रोहिणीला, रोहिणी कुमुदला. ज्याला आलंय त्याचं पुढं जातं. नाही आलं तर मध्येच अडतं, लपत नाही."

सरांनी आमची रांग बघितली. कुमुदशी नजर थांबली. "ह्या चिमुरडीपर्यंत? हिला अ ब तरी माहीत आहे?"

"मला क्ष पण माहीत आहे," कुमुद म्हणाली. "फुलीसारखा असतो."

सर पहिल्यांदा हसले. "ठीक. तुमचीच रीत. हिच्यापर्यंत पोचलं तर सही. मध्ये अडलं तर पुढचं वर्ष. कबूल?"

"कबूल," आई म्हणाली. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

ताई दिगूकडं वळली आणि काय जादू झाली देव जाणे, पाठ सरांकडं झाल्याबरोबर तिचा आवाज परत आला. "दिगू, असं समज, पाटाकडेला एक चौकोनी वावर आहे. एक बाजू अ अधिक ब. दुसरी बाजूही तेवढीच..." ती बोटांनी हवेत बांध घालत होती. दिगूनं दोन शंका काढल्या, एकीत दम होता. तिनं दोन्ही सोडवल्या. मग दिगूनं चुलीतला कोळसा आणला आणि आईच्या ताज्या सारवणावर खुशाल चौकोन काढून मला समजावलं. आईनं जीभ चावली.

मला समजलं. लख्ख समजलं. आता पाळी माझी.

आणि इथं मी गप्प बसले.

आता खरं सांगते, इतक्या वर्षांनी काय लपवायचं. वह्या मुळात ढिगात नव्हत्या. जुळ्यांनीही टाकल्या नव्हत्या. रविवारी, म्हणजे आठवडाभर आधी, मीच स्टुलावर चढून फळीवरनं काढल्या, सोडल्या आणि पानं सुटी करून ढिगाच्या मध्ये घातल्या. ताई मॅट्रिक झाली की जाणार होती. रात्री माझ्या पांघरुणात कोण असणार? आईचा मार पाठीवर घ्यायला मध्ये कोण पडणार? आणि खोटं कशाला बोलू, ताई गेली की रोजच्या एकवीस भाकऱ्या माझ्या गळ्यात पडणार, हे आईनं आधीच जाहीर केलं होतं. निम्मं प्रेम होतं आणि निम्म्या भाकऱ्या. त्यातलं आधी काय आलं, ते मला आजही सांगता येत नाही.

वह्या बुडवूनसुद्धा हेडमास्तर घरी आले होते. आणि आता सगळं येऊन माझ्यावर थांबलं होतं. काही करायला नको होतं. नुसतं "मला नाही समजलं" म्हटलं की ताई घरात.

"बोल की गं," आई म्हणाली.

मी ताईकडं बघितलं. मला वाटलं, ती हात जोडल्यासारखी बघत असेल. तसं नव्हतं. ती मला रोज भूमितीच्या वेळी लांबून बघायची तशी बघत होती, आता हिला जमणार, असं. त्या नजरेत परीक्षा नव्हती, सही नव्हती, सातारा नव्हता. हिच्या वह्या तुडवल्या मी, आणि ही अशी बघते!

वर कुमुदनं तोंड उघडलं. "रोहूला येत नाही! रोहूला येत नाही!"

"गप गं! कोण म्हणतं येत नाही?" मी उठले. "आई, पाटवड्यांचा पाट दे. कापलेल्या नाहीत ना?"

"अजून नाहीत. पण तंगडं..."

"मोड नंतर."

मी पाट ओसरीवर आणला. आई नेहमी तिरक्या कापायची. मी सरळ कापल्या, पाच ओळी आडव्या, पाच उभ्या. "कुमे, एकूण किती?"

"पाचा पाचा पंचवीस."

"आता ह्या पाचाचे तीन नि दोन असे भाग केले. दोन्ही बाजूंनी. तीनच्या ओळीतला तीनचा चौकोन उचल."

तिनं नऊ वड्या मोजून सरांच्या ताटलीत ठेवल्या.

"दोनच्या कोपऱ्यातला दोनचा चौकोन उचल."

चार वड्या अण्णांच्या ताटलीत गेल्या.

"तीनाचा वर्ग नऊ, दोनाचा वर्ग चार. झाल्या तेरा. संपलं वावर?"

कुमुदनं पाटाकडं बघितलं, मग माझ्याकडं, जशी काही मीच खुळी. "संपलं कुठं? ह्या दोन पट्ट्या राहिल्यात की! सहा इकडं, सहा तिकडं. ह्या कुणी खायच्या?"

"त्या पट्ट्या का राहिल्या?"

"कारण..." ती नाक खाजवत थांबली. "कारण तीनाची ओळ दोनाच्या ओळीलापण भेटते. दोन ठिकाणी भेटते. म्हणून दोन."

सर पुढं वाकले. "बरं, तीन नि दोनाच्या जागी चार नि एक केलं तर?"

कुमुदनं अर्धा रिकामा झालेला पाट डोळ्यांनी पुन्हा भरला. बोटं मोजली. "मोठा चौकोन सोळा, धाकटा एकच. पट्ट्या चार नि चार. बेरीज पंचवीसच येते." मग घाईघाईनं म्हणाली, "आता ह्या बारा आमच्या ना?"

नाझरे सर मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांनी मांडीजवळची टोपली उचलली आणि तिच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथं लगद्यात कागदाचा एक तुकडा तसाच राहिला होता, ताईच्या अक्षरातला. "'हेच सिद्ध करायचे होते,'" त्यांनी वाचलं. "आणा तो फॉर्म, शेडगे."

सही झाली. पट्ट्याही आमच्या झाल्या. निघताना सर ताईला म्हणाले, "पोरी, वर्गात पाठ आमच्याकडं करून बोललीस तरी चालेल. पण बोल." आणि ताई चक्क त्यांच्याकडं बघून हसली.

संध्याकाळी ती शेळ्यांचं दूध काढत होती. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि एकदम रडूच फुटलं. "ताई, वह्या मी..."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"बुधवारपासून." तिनं धार थांबवली नाही. "ढिगात गेल्या असत्या तर बांधलेल्या तशा गेल्या असत्या. त्या मी जांभळ्या काठाच्या चिंधीनं बांधल्या होत्या. चिंधी कुठं आहे?"

माझा हात आपोआप वेणीकडं गेला.

वह्या बुडवताना मला काही वाटलं नव्हतं. पण चांगली हातभर चिंधी वाया घालवणं काही मला जमलं नव्हतं. सोडली, झटकली आणि वेणीला बांधली. आणि वेणी रोज ताई घालायची!

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"सांगून वह्या वाळल्या असत्या का?" ती म्हणाली. "आणि तुझा राग आला होता की. शुक्रवारी गाठ कशी मारली होती?" मग चरवी बाजूला ठेवून तिनं मला ओढून जवळ घेतलं. अंगाला शेळीचा वास होता तिच्या. मी पोटभर रडले.

मार्चात ताईनं परीक्षा दिली. पास झाली, चांगली पास झाली. जूनमध्ये अण्णांनी तिची ट्रंक सायकलला बांधली आणि ती सातारला गेली. पुढं तीस वर्षं तिनं शाळेत शिकवलं. कुमुद म्हणते तशी, वर्गाकडं तोंड करून.

ती गेली त्या दिवशी एकवीस भाकऱ्या मी थापल्या. एकही गोल नव्हती. कुमुदनं एक उचलून उजेडात धरली. "ह्याला चार कोपरे आहेत. कंसाचा वर्ग केलास काय?"

मी उलथनं उगारलं. मग हसले, मग पुन्हा डोळे भरून आले. कुमुदचे केस सकाळपासून तसेच पिंजारलेले होते. ताई नव्हती ना. मी हाताचं पीठ पुसलं, तिला पुढ्यात बसवलं आणि माझ्या वेणीची जांभळी चिंधी सोडून तिच्या वेणीला बांधली.

"दुखतंय!" कुमुद ओरडली.

"दुखू दे," मी म्हणाले.